समुद्र मुका नाही

झाक कुस्तो आणि लुई माल यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ (निःशब्द जग) हा माहितीपट १९५६ सालचा. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्कर, दोन्ही त्याला मिळाले. पेटत्या मशाली घेऊन निळ्या अंधारात उतरणारे पाणबुडे एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. समुद्राची गोडी लावणारा चित्रपट म्हणून तो विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. मात्र दाखवताना दोन ठिकाणी थांबावे, असे आम्हांला वाटते.

पहिली जागा उघड आहे. प्रवाळखडकावर किती मासे राहतात हे मोजण्यासाठी चमू तेथे सुरुंग लावतो आणि मेलेले मासे गोळा करतो. पुढे बोटीच्या पंख्याने जखमी झालेल्या देवमाशाच्या पिलाभोवती शार्क जमतात, तेव्हा खलाशी चिडून त्या शार्कनाच ठार मारतात. हे प्रसंग गाळू नयेत. मोजण्यासाठी मारणे अटळ होते का, हा प्रश्न मुलांना विचारावा. आज पाणबुडे ठरावीक रेषेवरून पोहत, दिसतील ते मासे नोंदवतात. कुस्तोही बदलले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याला त्यांनी जाहीर विरोध केला.

दुसरी चूक शीर्षकातच आहे, आणि ती अधिक खोल आहे. समुद्र निःशब्द नाही. कॅमेऱ्याला दिसते तेवढेच समुद्राचे जीवन, हा समज त्यामुळे पक्का होतो.

उदाहरण म्हणून थायलंडच्या अंदमान समुद्रातील रिशेल्यू रॉक घेऊ. हा चुनखडीचा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा सुळका. ओहोटीला त्याचे टोक जेमतेम पाण्याबाहेर येते. त्याच्या कड्यांवर जांभळे मृदू प्रवाळ, समुद्रपंखे, स्पंज दाटीने वाढतात. कधी व्हेल शार्कही येतो. चित्रात हा सुळका स्वयंपूर्ण बागेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो बाहेरून येणाऱ्या गोष्टींवर जगतो. मृदू प्रवाळांना प्रवाहाने आणलेले प्लवक लागते. खडकावरच्या अनेक माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस ते काही आठवडे खुल्या समुद्रात वाहत असतात, आणि मग राहण्याजोगा खडक शोधतात.

तो त्यांना सापडतो कसा? एक खूण म्हणजे आवाज. चिमटा फटकन मिटणाऱ्या कोळंब्यांमुळे जिवंत खडक तापल्या तेलातल्या मोहरीसारखा तडतडत असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ झाला. मृत प्रवाळांचे ढीग रचून त्यांतील काहींवर खडकाचे ध्वनिमुद्रण वाजवले. आवाजाच्या ढिगांवर जास्त पिल्ले येऊन राहिली.

पाण्याचा गारवाही दुरून येतो. अंदमान-निकोबारच्या पाण्याखालील डोंगररांगेवरून भरती-ओहोटीचे पाणी जाते, तेव्हा समुद्राच्या पोटात प्रचंड लाटा उठतात. त्या पूर्वेकडे जाऊन खोलवरचे गार, पोषक पाणी वर ढकलतात. २०१० साली समुद्र तापून या भागातील प्रवाळ पांढरे पडले. रिशेल्यूच्या दक्षिणेला असलेल्या सिमिलान बेटांवर, या लाटांना सामोऱ्या असलेल्या पश्चिम बाजूचे प्रवाळ त्या वेळी अधिक तगले.

रिशेल्यू रॉक सुरिन सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, आणि मासेमारी व पाणबुड्यांची गर्दी रोखायला अशी हद्द हवीच. २०१० नंतर थायलंडने पाणबुड्यांच्या काही जागा बंदही केल्या. पण तापलेले पाणी हद्द पाळत नाही, आणि खडकावर येणारी पिल्ले हद्दीबाहेरूनही येतात. सुळका वाचवायचा तर ती ज्या खडकांवरून येतात तेही वाचवावे लागतात, आणि पृथ्वीची तापवाढही रोखावी लागते. फक्त सुंदर दृश्यावर प्रेम करायला शिकलेल्या विद्यार्थ्याला हे उमगणार नाही. तो कुंपण घालून समाधान मानेल.

म्हणून चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत. मुलांना विचारावे: या चौकटीत काय दिसले नाही, आणि काय ऐकू आले नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना जो समुद्र मुलांना कळेल, तो कुस्तोंच्या समुद्रापेक्षा मोठा असेल.