आवाज कशात धरावा?

'पॉडकास्ट' हा शब्द परभणीच्या घरांतून आता परका राहिलेला नाही. इंग्लंडमधील 'गार्डियन' या वृत्तपत्रात बेन हॅमर्सली या पत्रकाराने तो २००४ साली सुचवला. आयपॉड या खिशात मावणाऱ्या यंत्राचे नाव आणि प्रक्षेपणाचा इंग्रजी शब्द यांची सांगड घालून तो तयार झाला होता. २०२२ साली त्या यंत्राचे उत्पादन बंद पडले. शब्द मात्र राहिला आणि पसरला. कोणी शेतीविषयी बोलतो, कोणी पुस्तकांविषयी, कोणी आपल्या आजीकडून जुन्या गोष्टी काढून घेतो आणि ते सारे ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवतो. मला हा उद्योग मनापासून आवडतो. ज्या समाजात लिहिणाऱ्यांपेक्षा सांगणारे अधिक, तिथे सांगणाऱ्यांच्या हाती साधन आले, ही साहित्याच्या दृष्टीनेही लहान घटना नव्हे.

गेल्या वर्षभरात सेलू, गंगाखेड, जिंतूर, मानवत अशा ठिकाणच्या तरुण मंडळींनी केलेली काही ध्वनिमुद्रणे माझ्याकडे अभिप्रायासाठी आली. बहुतेकांनी विषयासंबंधी काही विचारले नाही, भाषेसंबंधी विचारले नाही, विचारले ते एवढेच, की "सर, परवडेल असा माइक कोणता घ्यावा?" बाजार या प्रश्नाचे जे उत्तर देतो, ते मला मान्य नाही. माझे उत्तर सकारण मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करतो. पहिले एका नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात झालेले. माइक महागातला, कंडेन्सर जातीचा, म्हणजे अतिशय हळवा. बोलणारे गृहस्थ जाणकार आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ. पण गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंतींना चकचकीत रंग आणि माइक हात-दीड हात दूर टेबलावर ठेवलेला. परिणाम असा, की गृहस्थ विहिरीच्या तळातून बोलत आहेत असे वाटावे. पंख्याची घरघर, रस्त्यावरील ऑटोचा हॉर्न, स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी या सर्वांना त्या हळव्या माइकने सारखाच मान दिला होता. मी दहा मिनिटांत थकलो.

दुसरे ध्वनिमुद्रण एका खेड्यातले. साधन म्हणजे जुना मोबाइल आणि त्याला जोडलेला तारेचा साधा कॉलर माइक. जागा म्हणजे वेचणीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत कापूस भरून ठेवलेली माळवदाच्या घरातली खोली. तिथे बसून एक म्हातारी आपल्या लग्नाच्या वऱ्हाडाची हकीगत सांगते. तिचा श्वास ऐकू येतो, बांगडी ऐकू येते, हसण्याआधीचे थांबणे ऐकू येते. मी पाऊण तास हललो नाही. त्या मुलाने खोली कापसासाठी निवडली नव्हती. घरात तेवढीच जागा रिकामी होती. परंतु कापसाच्या ढिगाने आणि मातीच्या जाड भिंतींनी असे काम केले, की शहरातील ध्वनिमुद्रणगृहात त्यासाठी पैसे मोजावे लागतात.

या फरकाचे शास्त्र फार अवघड नाही. तोंड आणि माइक यांतील अंतर दुप्पट झाले, की माइकपर्यंत सरळ पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाई उरते. चौपट झाले, की सोळावा हिस्सा. खोलीच्या भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून माइक वितीच्या अंतरावर असला, की माणूस ऐकू येतो. चार विती दूर गेला, की खोली ऐकू येते. कॉलर माइक चारी दिशांचे ऐकतो, त्याची घडण साधी असते, तरीही तो बहुधा फसवत नाही. कारण तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर बसलेला असतो. जवळ असलेले स्वस्त साधन दूरच्या महाग साधनावर मात करते, हे या क्षेत्रातील पहिले तत्त्व आहे.

हे तत्त्व नवे नाही. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग याने गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले, तेव्हा माइक नव्हताच. एक कर्णा होता आणि गायिकेने आपला आवाज त्या कर्ण्यात ओतावयाचा होता. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. त्या आधीच्या तबकड्यांत आजच्या मानाने खरखर फार, तरी गौहर जान आजही ओळखू येतात; कारण गळा आणि यंत्र यांच्यामध्ये खोलीला शिरकाव मिळाला नव्हता.

आपल्या जवळचा दाखला हवा असेल, तर आकाशवाणीच्या परभणी केंद्राचा घ्या. १३०५ किलोहर्ट्झवरचे ते मध्यमलहरी प्रक्षेपण मराठवाड्यातील शेताशेतांतून ऐकले गेले. मध्यमलहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचेच अंतर राखलेले असते. त्यामुळे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे बारीक ध्वनी श्रोत्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. आज कोणाच्याही खिशातील मोबाइल त्याहून कितीतरी बारीक ध्वनी टिपतो. तरीही नभोवाणीवरील निवेदक आपल्या ओट्यावर येऊन बसल्यासारखा वाटे. तो शांत, मऊ भिंतींच्या खोलीत, माइकपाशी बसून, एका माणसाशी बोलावे तसा बोलत असे. आजच्या मंडळींपाशी यंत्र अधिक चांगले आहे; उणीव आहे ती खोलीची आणि बसण्याची.

मग खरेदी कोणत्या क्रमाने करावी? माझ्या मते पहिला पैसा माइकवर खर्च करूच नये. तो कान झाकणाऱ्या तारेच्या साध्या हेडफोनवर करावा. स्वतःचे ध्वनिमुद्रण आधी स्वतः नीट ऐकल्यावाचून दोष कळत नाही, आणि दोष कळल्यावाचून केलेली खरेदी म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध. दुसरी गोष्ट विकत घ्यावयाची नाही. ती घरातच आहे. गोधड्या, वाकळा, गाद्या काढाव्यात, दोन बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाकाव्यात, एक खाली अंथरावी. परभणीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणे ही शिक्षाच आहे; म्हणून वेळ पहाटेची निवडावी. त्या वेळी रस्ताही झोपलेला असतो.

तिसरी पायरी कॉलर माइकची. हजार रुपयांच्या आतबाहेर चालण्याजोगा मिळतो. घेताना त्याच्या टोकावरील काळी वलये मोजावीत: मोबाइलच्या गोल छिद्रासाठी तीन वलयांचे टोक लागते, दोन वलयांचे कॅमेऱ्यासाठी असते. ज्या मोबाइलला गोल छिद्रच नाही, त्याला जोडतुकडा लागतो. ही एवढीशी बाब न पाहिल्याने किती तरी माइक कपाटात पडून आहेत.

चौथी पायरी डायनॅमिक माइकची, संगणकाला सरळ जोडता येईल अशा. ही मात्र काही हजारांची बाब आहे. चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर तो चालतो, जवळचे ऐकतो आणि दूरच्या गलबल्याकडे सहसा लक्ष देत नाही. ज्यांचे घर रस्त्यावर आहे आणि जे दर आठवड्यास बोलणार आहेत, त्यांना हा खर्च वाया गेला असे वाटणार नाही. साधनाचे महत्त्व मी नाकारीत नाही, त्याचा क्रम तेवढा बदलतो. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून जो वारा सुटतो, त्यासाठी जाळी विकत घेण्याचे कारण नाही. भरतकामाच्या रिंगेवर ओढणीचे पातळ कापड ताणून बसवले आणि माइक तोंडाच्या किंचित बाजूस ठेवला, की काम भागते. हळवा कंडेन्सर माइक मी सर्वांत शेवटी ठेवतो. शांत खोली ज्याने आधी कमावली, त्यानेच तो घ्यावा.

आता ज्या दोन गोष्टींमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, त्यांकडे येतो. पहिली, अति जवळिकीची फॅशन. समोरचेच ऐकणारे माइक ओठांना टेकवले, की आवाजातील खर्ज फुगतो. पुष्कळ तरुण या कृत्रिम भारदस्तपणावर लुब्ध झालेले दिसतात. विशीतला मुलगा पन्नाशीच्या घशाने बोलू लागतो, आणि मग भाषाही तशीच ओढूनताणून आणतो. घरी 'लेकरू' आणि 'काहून' म्हणणारा माइकपुढे 'बालक' आणि 'कशासाठी' म्हणतो. 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन वेगळे च, 'वेळ' आणि 'वेल' यांतला फरक, मराठवाड्याच्या बोलण्यातील हेल, हे सर्व ज्या साधनातून जसेच्या तसे ऐकू येईल, ते साधन चांगले. ज्याने माणूस दुसराच कोणी वाटू लागतो, ते कितीही किमतीचे असो, माझ्या लेखी वाईट. साधनाची परीक्षा करण्याची माझी कसोटी हीच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मोबाइलमध्ये आणि संगणकात 'गोंगाट काढून टाका' अशी एक सोय असते. ती माणसाचा आवाज ठेवते आणि बाकीचे पुसू पाहते. एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि ही सोय चालू ठेवली. यंत्राने जात्याची घरघर गोंगाट समजून पुसली. तिच्याबरोबर ओळींची शेवटची अक्षरेही खरवडली गेली. उरले ते पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखे गाणे. जात्याची लय हीच ओवीची लय. ती साथ आहे, मळ नव्हे. पंख्याची घरघर घालवावी, जात्याची राखावी, हा विवेक यंत्राला नाही. तो ऐकणाऱ्याने ठेवावयाचा आहे. म्हणून ही सोय बंद ठेवावी आणि मूळ ध्वनिमुद्रण हात न लावता दोन ठिकाणी जपून ठेवावे. न दाबलेल्या एकेरी ध्वनिमुद्रणास मिनिटाला सुमारे पाच मेगाबाइट, तासाला तीनशेच्या वर जागा लागते. आजच्या मानाने ती फार नव्हे. लोकांना पाठवण्यासाठी दाबलेली प्रत तासाला तीस मेगाबाइटच्या आत बसते. आणि लोकांपुढे ठेवण्याआधी गाणारीची परवानगी घ्यावी, तिचे नाव सांगावे.

यात पणाला काय लागले आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या सर्वांपुढे ठेवल्या. आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्या संग्रहात आहे. वाचकांनी तो अवश्य ऐकावा. पण हिशेब पाहा. कागदावर आल्या लाखाहून अधिक, आवाजात राहिल्या काही हजार. त्या काळी चांगले ध्वनिमुद्रण यंत्र ही दुर्मीळ आणि महाग वस्तू होती, ते घेऊन खेड्यात जाणारा माणूस त्याहून दुर्मीळ. बाकीच्या ओव्यांचे शब्द उरले. त्या कोणत्या गळ्यातून, कोणत्या चालीवर आल्या, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

आज यंत्र घरोघरी आहे. गिरणी आली, जाती अडगळीत गेली, ओव्या पाठ असणाऱ्या बायका ऐंशीच्या पुढे गेल्या. अशा वेळी 'चांगला माइक आल्यावर आजीला बसवू' असे जो म्हणतो, तो माइकची किंमत रुपयांत मोजतो, पण विलंबाची मोजीत नाही. मानवतच्या एका मुलाने वर्षभर पैसे साठवून माइक घेतला. तो आला तेव्हा ज्यांच्यासाठी घेतला त्या आजोबांची वाचा गेलेली होती. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला योग्य क्रम कोणी सांगितला नव्हता.

भाऊबीजेस लेकीबाळी माहेरी येतील. भावाच्या कौतुकाच्या ओव्या ज्यांना पाठ आहेत, अशा आत्या, मावशा, आज्या एका छताखाली असतील. फराळ आटोपला, पोरे फटाके घेऊन अंगणात गेली, की आतल्या खोलीचे दार लोटावे, पंखा बंद करावा, वाकळ अंथरावी. मोबाइलची रिंग बंद करून तो घडी केलेल्या पंचावर, आजीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. अडगळीतले जाते काढता आले तर काढावे. मूठभर ज्वारी पुरे. मग तिला काही विचारू नये. खुंटा हाती आला, की ती आपणहून सुरू करील.