‘सोडलेला महसूल’ : एका वाक्याची चिकित्सा

१ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी लोकसभेत जे अर्थसंकल्पीय भाषण केले त्यात एक वाक्य आहे. नव्या करप्रस्तावांमुळे प्रत्यक्ष करांतील सुमारे १ लाख कोटी व अप्रत्यक्ष करांतील २,६०० कोटी रुपयांचा महसूल सोडला जाईल, असा त्याचा आशय. त्यातील आकडा तपासणे हे अर्थशास्त्रज्ञांचे काम. त्या शास्त्रात प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. येथे परीक्षण करावयाचे आहे ते आकड्याला जोडलेल्या क्रियापदाचे.

हे मूळ इंग्रजी वाक्य पदव्युत्तर वर्गात भाषांतरासाठी दिले असता कोणी ‘महसूल बुडेल’ असे लिहिले, कोणी ‘माफ होईल’, कोणी ‘शासनाला मुकावे लागेल’. एका विद्यार्थिनीने ‘पाणी सोडावे लागेल’ असे लिहिले. चारही क्रियापदे मराठी आहेत आणि चौघांचे अर्थ चार दिशांना जातात. उधारी बुडते, तेव्हा दोष बुडवणाऱ्याचा असतो. माफ होते ते देणे, म्हणजे ते आधी लागू झालेले असावे लागते. मुकणाऱ्याच्या वाट्याला केवळ हानी येते, कर्तृत्व येत नाही. ‘पाणी सोडणे’ हा प्रयोग मला सर्वांत उद्बोधक वाटला. त्यामागे दानविधीतील उदक आहे, संकल्प आहे (अर्थसंकल्पातलाच तो शब्द!) आणि दात्याची इच्छाही आहे. परंतु उदक सोडायला वस्तू आधी आपल्या मालकीची असावी लागते. हा महसूल कोणत्याही कोषागारात जमा नव्हता. दोन भविष्यांमधील अंतर म्हणजे हा आकडा. आणि त्यांपैकी एक भविष्य कधीच घडणार नाही.

आपल्या व्याकरणाने क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. करबदलाचा महसुली अंदाज हे स्वभावतःच संकेतार्थी विधान होय : ‘कायदा बदलला नसता, आणि माणसे व कंपन्या पूर्वीप्रमाणेच वागल्या असत्या, तर इतका कर अधिक आला असता.’ अर्थसंकल्पात ते स्वार्थाच्या भविष्यकाळात अवतरते. ‘जर’ची दोन्ही उपवाक्ये गळतात आणि मागे उरतो तो एक निश्चयात्मक आकडा. माझा मुख्य आक्षेप या गळतीवर आहे.

हा आक्षेप केवळ शाब्दिक नव्हे, हे २०१९ च्या उदाहरणावरून दिसेल. २० सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाद्वारे, सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्के व नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के करण्यात आला. या व सोबतच्या इतर सवलतींमुळे १,४५,००० कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले. आता संकलन पाहावे. २०१८-१९ मध्ये कंपनीकरातून सुमारे ६.६३ लाख कोटी रुपये आले होते. २०१९-२० मध्ये सुमारे ५.५७ लाख कोटी आले. मागील वर्षाशी तुलना केली तर घट १ लाख कोटींहून थोडी अधिक भरते. जुलै २०१९ मधील अर्थसंकल्पात मात्र त्या वर्षासाठी ७.६६ लाख कोटींचा अंदाज होता. त्याच्याशी तुलना केली तर घट सुमारे २.०९ लाख कोटींची. शिवाय त्या वर्षी अर्थव्यवस्थेची गती मंदावली होती, तेव्हा यांतील कितीसा भाग दरकपातीचा, हा प्रश्न उरतोच. पुढे २०२१-२२ मध्ये हेच संकलन ७.१२ लाख कोटींवर गेले आणि कपातीच्या समर्थकांनी ते यशाचे प्रमाण म्हणून पुढे केले. विरोधक १.४५ लाख कोटी ‘माफ केले’ म्हणत राहिले. दोन्ही पक्षांची वाक्ये स्वार्थी आहेत (व्याकरणाच्या अर्थाने म्हणतो). ‘कपात झाली नसती तर’ हे उपवाक्य दोघांनाही नको होते.

न्यायासाठी हेही नोंदवले पाहिजे की चालू करसवलतींचे जे विवरण २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत येऊ लागले, त्याचे प्रास्ताविक प्रामाणिक आहे. सवलत काढून घेतली तरी करपाया तोच राहील असे गृहीत धरले आहे, आणि प्रत्येक सवलतीची किंमत इतर सर्व तरतुदी जशाच्या तशा ठेवून स्वतंत्रपणे काढली आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे विवरणाच्या शीर्षकातील ‘सोडलेला महसूल’ जाऊन तेथे ‘महसुली परिणाम’ असा शब्द आला, हा बदल मला स्तुत्य वाटतो. तथापि प्रास्ताविकातील ‘जर’ खालच्या तक्त्यात उतरत नाही, आणि तक्त्यातून वृत्तपत्रात जाताना तर त्याचा मागमूसही राहत नाही. भाषणातील वाक्याला असे प्रास्ताविकही नसते.

जेथे ‘जर’ छापलाच जातो तेथे काय घडते, हे अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथे करविधेयकांचे अंदाज काँग्रेसची संयुक्त करसमिती करते. २०१७ च्या करकायद्याचे तिने दहा वर्षांसाठी दोन अंदाज दिले : एकूण अर्थव्यवस्थेचे आकारमान बदलणार नाही असे मानून सुमारे १.४६ लाख कोटी डॉलरची तूट, आणि आर्थिक वाढीचा परिणाम धरून सुमारे १.०७ लाख कोटींची. २०२५ मध्ये प्रकरण अधिकच मनोरंजक झाले. २०१७ च्या अनेक सवलती त्या वर्षाअखेर संपणार होत्या. त्या कायद्यानुसार संपतील असे धरले, तर सिनेटमधील विधेयकामुळे दहा वर्षांत तूट सुमारे ३.३ लाख कोटी डॉलरने वाढत होती. त्या चालूच राहतील असे धरले, तर ती सुमारे अर्ध्या लाख कोटीने घटत होती. विधेयक एकच, काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या गणितात बदलले ते केवळ संकेताचे उपवाक्य. भांडण मिटले नाहीच. पण ते आकड्यावरून अटीवर आले, आणि अटीवर सामान्य नागरिकही मत देऊ शकतो.

आपल्या भाषणांतले वाक्य असे लिहिता येईल : ‘प्रचलित दर कायम राहिले असते व करदात्यांचे वर्तन बदलले नसते, तर येत्या वर्षी सुमारे १ लाख कोटी रुपये अधिक आले असते.’ वाक्य लांबते आणि टाळ्यांना जागा उरत नाही, हे मान्य. वर्गात त्यावर आणखी एक हरकत निघाली : ‘वर्तन बदलले नसते’ हे ठरवले कोणी? ते उपवाक्य छापलेले होते, म्हणूनच ती हरकत घेता आली.