मांजरांविना मांजरांचा वर्ग

नाटकांची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत. क्लासचं परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून हे काम मीच अंगावर घेतो.

आमच्या आधीच्या मांजरीचं नाव मनी. ती आजारी पडली तेव्हा तिला टोपलीत घालण्यासाठी आम्ही दोन दिवस झटलो. ती माळ्यावर, मी स्टुलावर. तिसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं टोपलीत आली, कारण नाही म्हणायचं बळच तिच्यात उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवी होती." हे वाक्य आमच्या हिच्या मनातून गेलं नाही. पुढे ठकी घरात आली, तेव्हा हिनं फर्मान काढलं, "हिला टोपलीत बसायला शिकवायचं. क्लास शोधा!"

पुण्यात कशाचाही क्लास मिळतो, पण मांजराचा मिळेना. कुत्र्यांचे चिकार. एका कुत्रेवाल्या मास्तरांना फोन केला, तर ते इतके हसले की मागे त्यांचे विद्यार्थीही भुंकू लागले. शेवटी एका तरुण पशुवैद्य बाईंचा रविवारचा वर्ग सापडला.

"ठकीला कशात घालून आणू?" मी विचारलं.

"काका, तिला आणायचं नाही. मोठी मांजरं अनोळखी मांजरांत बावरतात. तुम्ही एकटेच या."

पिल्लांचं वेगळं असतं म्हणे. त्यांचं माणसाळण्याचं मुख्य वय दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचं. ऑस्ट्रेलियात तर थोड्या मोठ्या पिल्लांसाठी 'किटन किंडी' नावाची बालवाडीच भरते. आमची ठकी त्या हिशेबानं चांगली घोडीच झालेली.

तर वर्गात पालक आठ, मांजरं शून्य. पहिला पाठ इतिहासाचा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन गृहस्थानं १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून, ती दोरी ओढून किंवा कळ दाबून बाहेर कशी येतात याचा अभ्यास मांडला. प्रत्येक खेपेला वेळ कमी कमी लागत गेला म्हणे. आमची अडचण नेमकी उलटी होती. मांजरानं पेटीबाहेर कसं पडावं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

दुसरा पाठ क्लिकरचा. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर बाईंनी या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. मांजरानं हवं ते केलं की त्याच क्षणी टक् वाजवायचं आणि खाऊ द्यायचा. नाही केलं तर? काही नाही. रागवायचं नाही, ढकलायचं नाही. इथे आमची पिढी कच्ची. शिक्षण म्हटलं की आम्हाला आधी छडी आठवते.

तिसरा पाठ टोपलीचा. ती माळ्यावर ठेवायची नाही, बारा महिने खोलीत उघडी ठेवायची. आत जुनं अंथरूण घालायचं, जेवण तिथेच द्यायचं. मग दार क्षणभर लावायचं, उद्या दोन क्षण. मी मात्र आजवर टोपली फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी काढत होतो. मनीला टोपलीचं भय कोणी शिकवलं, हे त्या रविवारी कळलं. दुसरा शिक्षक घरात कोणी नव्हता.

आता दोष. गृहपाठाचे कागद इंग्रजीत होते, आणि आमच्या घरी चालते मराठी. शिवाय क्लिकर नसेल तर बॉलपेनही चालतं, असं बाईंनी सांगितलं. परिणामी मी सहीसाठी पेन उघडलं, की ठकी खाऊ मागायला हजर! प्रमाणपत्रावर ठकीचंच नाव आहे. परीक्षा कोणाची झाली, याचा उल्लेख नाही.

सहाव्या आठवड्यात ठकी आपण होऊन टोपलीत शिरली आणि आम्ही लस टोचायला गेलो. डॉक्टर सहज म्हणाले, "बरं झालं, वेळेवर आणलीत." ही काही बोलली नाही. टोपलीचं दार नीट लागलंय ना, ते तिनं उगाचच दोनदा तपासलं.

फी वसूल झाली, असं माझं मत आहे.