‘चालतंय’ हा पुरावा नव्हे

नवा बोर्ड नेटवर्कला जोडला, सॉकेटवरचा दिवा लागला, वेग गिगाबिटचा ठरल्याचंही पडद्यावर दिसलं, आणि तरी एकही पॅकेट पलीकडे पोचेना, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? वेग १०० मेगाबिटवर उतरवला की मात्र सगळं सुरळीत. अशा वेळी आपण केबल बदलून बघतो, स्विच बदलून बघतो. पण अनेकदा दोष एका शब्दात असतो, आणि तो शब्द कुणीतरी तपासून पास केलेला असतो. हा लेख त्या तपासणीबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लहान बोर्डांवर कोणती चिप कुठे बसवली आहे हे लिनक्स कर्नलला आपोआप कळत नाही. ते त्याला डिव्हाइस ट्री सांगते: इथरनेट कंट्रोलर अमक्या पत्त्यावर, त्याचा इंटरप्ट तमका, त्याला जोडलेली फाय चिप ही. या वर्णनात कोणते शब्द चालतील आणि त्यांचा अर्थ काय, हे ठरवणारा दस्तऐवज म्हणजे बाइंडिंग. त्याचा मूळ नियम असा की बाइंडिंगने हार्डवेअरचं वर्णन करावं, ड्रायव्हरच्या सोयीचं नाही. ट्री बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये वर्षानुवर्षं बसून राहू शकते, कर्नल मात्र बदलत जातो. आज मान्य केलेला शब्द पुढच्या प्रत्येक कर्नलला समजून घ्यावा लागतो.

२०१९ मध्ये इथरनेट कंट्रोलरची सामायिक बाइंडिंग साध्या मजकुरातून यामल स्कीमात आली. तेव्हापासून स्पेलिंग चुकलं, आवश्यक गुणधर्म राहून गेला किंवा यादीबाहेरचा शब्द आला, तर मशीनच हटकतं. ही मोठी सोय आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण स्कीमा तपासते ते व्याकरण. वाक्य खरं आहे का, हे ती तपासत नाही. आणि हिरवा टिक दिसला की आपण परीक्षकही ते तपासायचं विसरतो.

उदाहरण घेऊ. प्रोसेसरमधला मॅक आणि बाहेरची फाय यांच्यामध्ये आरजीएमआयआय नावाची १२ तारांची जोडणी असते. गिगाबिट वेगाला तिचं क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचं, आणि क्लॉकच्या चढत्या कडेला चार बिट, उतरत्या कडेला चार बिट असा डेटा जातो. डेटा स्थिर असतानाच कड पोचावी, म्हणून क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद उशिरा यावं लागतं. हा विलंब मॅक घालू शकतो, फाय घालू शकते, किंवा बोर्डावर क्लॉकची तार मुद्दाम नागमोडी वळवून लांब करता येते. दोन नॅनोसेकंदांसाठी ही जादा लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास जाते. १०० मेगाबिटला क्लॉक २५ मेगाहर्ट्झचं असतं, एक चक्र ४० नॅनोसेकंदांचं. तिथे दोन नॅनोसेकंद इकडे-तिकडे झाले तरी खपून जातं. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच.

विलंबाबद्दल बाइंडिंगमध्ये चार शब्द आहेत. नुसतं ‘आरजीएमआयआय’ म्हणजे विलंब बोर्डावरच्या तारांनीच घातलाय. पुढे ‘आयडी’ असेल तर बोर्डावर तो नाही, दोन्ही दिशांना चिपांपैकी कुणीतरी घालायचाय. ‘आरएक्सआयडी’ आणि ‘टीएक्सआयडी’ एकेका दिशेपुरते. स्कीमाला चारही शब्द मान्य. म्हणून ज्यांच्या तारा सरळ आणि सारख्या लांबीच्या आहेत अशा कित्येक बोर्डांच्या ट्रीत नुसतं ‘आरजीएमआयआय’ लिहिलं गेलं, पास झालं, आणि चाललंसुद्धा! कारण फायच्या पिनांनीच विलंब आधी सुरू केलेला असायचा आणि ड्रायव्हर त्या शब्दाकडे बघायचाच नाही. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या.

सातबाऱ्यावर एक बांध आणि शेतात दुसराच, असं पुष्कळ गावांत असतं. जुन्या तलाठ्याला सगळं तोंडपाठ, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. भांडण लागतं ते नवा माणूस येऊन कागद अक्षरशः वाचतो तेव्हा. इथेही तेच झालं. २०२० मध्ये रिअलटेकच्या आरटीएल८२११ई फायचा ड्रायव्हर दुरुस्त झाला आणि ट्रीतला शब्द जसाच्या तसा मानू लागला. पाइन६४ प्लससकट ऑलविनर प्रोसेसरच्या अनेक बोर्डांचं नेटवर्क त्या कर्नलवर बंद पडलं. मग एकेका ट्रीत शब्द बदलत जावं लागलं. ड्रायव्हरची दुरुस्ती बरोबर होती. चूक होती वर्णनात, आणि भुर्दंड पडला तो कर्नल अपडेट करण्यापलीकडे काहीही न केलेल्या माणसाला.

यात मीही साव नाही. एका बोर्डाची ट्री लिहिताना मी तशाच दुसऱ्या बोर्डाची ओळ उचलली होती. परीक्षकाने विचारलं, विलंब नक्की कुठे घातलाय? मी म्हटलं, चाचणी केली आहे, चालतंय. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. थोडा रागच आला. मग बोर्डाचा लेआउट उघडला तर बाराही तारा जवळपास सारख्या लांबीच्या. शब्द बदलून ‘आयडी’ केला, चाचणी पुन्हा चालवली, निकालात काडीचा फरक नाही. खरं आणि खोटं, दोन्ही वर्णनं माझ्या चाचणीत पास झाली होती. त्या प्रश्नाची किंमत मला तेव्हा कळली.

दुसरा नमुना वेगळ्या जातीचा. सिनॉप्सिसच्या मॅकच्या बाइंडिंगमध्ये फाय रिसेट करायच्या जीपीआयओचा गुणधर्म मॅकच्या नोडमध्ये होता. रिसेटची तार जाते फायकडे, पण ड्रायव्हरला ती मॅककडे सापडणं सोयीचं, म्हणून तिथे. आज तो कालबाह्य ठरवला आहे आणि रिसेट फायच्या स्वतःच्या नोडमध्ये लिहायचा असतो. तरी जुन्या ट्रींसाठी तो शब्द फाइलमधून काढता येत नाही. कुणाच्या तरी एका दिवसाच्या सोयीचं हे बिल अजून फिटतंय.

२०२५ मध्ये सामायिक बाइंडिंगमध्ये त्या चार शब्दांचा अर्थ अखेर सविस्तर लिहिला गेला. माझ्या मते त्या फाइलमधला हा सगळ्यात चांगला मजकूर आहे: शब्द बोर्डाबद्दल आहे, हे तो कुठलाही आडपडदा न ठेवता सांगतो. फक्त तो यायला फार उशीर झाला. पॅच तपासणारी स्क्रिप्टही आता ‘आयडी’ सोडून दुसरा शब्द आला की कारणाची टिप्पणी मागते. उत्तर खरं की खोटं हे तिला कळत नाही, पण निदान प्रश्न तरी विचारला जातो.

तेव्हा पुढची इथरनेट बाइंडिंग तुमच्याकडे परीक्षणाला आली, तर स्कीमा पास झाली म्हणून लगेच सही करू नका. प्रत्येक गुणधर्मासमोर विचारा: उद्या ड्रायव्हर नव्याने लिहिला, तरी हे वाक्य या बोर्डाबद्दल खरं राहील का? उत्तरात ‘चालतंय’ आलं, तर लेआउट मागा. समोरचा थोडा चिडेल. मीही चिडलो होतो.