चाळणीतून उतरलेला शब्द

इंग्रजीतील 'गार्बल' या क्रियापदाचे मराठीकरण करताना आपले लेखक बहुधा 'विपर्यास करणे' किंवा 'मोडतोड करणे' असे शब्द योजितात. ते चुकीचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु मूळ शब्दाच्या अंगी जो विशिष्ट आरोप आहे, तो या भाषांतरात निसटतो, आणि तो निसटणे परीक्षणाच्या व्यवसायास तरी परवडणारे नाही.

शब्दाचे कूळ पाहावे. अरबीत 'घर्बला' म्हणजे चाळणे. मसाल्यांच्या व्यापाराबरोबर तो इटलीत गेला व तेथून इंग्लंडात पोहोचला. लंडन शहरात मसाले चाळून शुद्ध करणारा एक अधिकारीच असे. वाटेल त्या दुकानात वा वखारीत शिरून माल पाहण्याचा व कचरा काढविण्याचा त्यास अधिकार होता. पहिल्या जेम्स राजाच्या कारकीर्दीत, १६०४ साली, यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला; ॲन राणीच्या काळी तो रद्द झाला. इंग्लंडात हा अर्थ मावळला, तरी आपल्या देशात तो आजही जिवंत आहे. मलबारच्या काळ्या मिरीच्या प्रतवारीत 'मलबार गार्बल्ड' अशी संज्ञा आहे, आणि तेथे ते दूषण नसून भूषण आहे: देठ, काडीकचरा व पोल दाणे काढून टाकलेली मिरी. व्यापाऱ्याची प्रशंसा ती संपादकाची निंदा कशी झाली?

उत्तर चाळणीत नाही, चाळणाराच्या हेतूत आहे. सूप हाती घेतलेली गृहिणी खडे टाकते व दाणे ठेवते. तीच क्रिया दुसऱ्याने आपल्या सोयीसाठी केली, तर हवे ते राहते व नको ते जाते. सतराव्या शतकात एखाद्या मंडळातून गैरसोयीची माणसे काढून टाकण्यासही हाच शब्द लावीत. माणसांस जे लागू पडले ते वाक्यांसही लागू पडले.

आपल्या भाषेत विपर्यासाचा प्रसिद्ध दाखला म्हणजे 'ध' चा 'मा'. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला; त्याविषयीच्या आख्यायिकेत 'धरावे' याचे 'मारावे' होते. ती आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. तीत अपराध उघड आहे: एक अक्षर बदलले गेले, मूळ कागद दाखवला की चोरी सापडते. 'गार्बल' करणारा यापेक्षा सावध असतो. तो एकही अक्षर बदलत नाही. समजा, परीक्षकाने लिहिले, "भाषा सुबोध आहे, परंतु कथानकात जीव नाही." प्रकाशकाच्या जाहिरातीत छापून येते, "भाषा सुबोध आहे." शब्द परीक्षकाचेच, अवतरणचिन्हेही यथास्थित, आणि तरीही ते मत त्याचे नव्हे. परीक्षकही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. तीनशे पृष्ठांच्या कादंबरीतून सर्वांत दुबळी चार वाक्ये वेचून ती नमुना म्हणून पुढे मांडणे, हा त्याच चाळणीचा उपयोग होय. किंबहुना अधिक निंद्य, कारण जाहिरातीवर वाचक निदान संशय तरी घेतो.

पुढे तारायंत्राच्या युगात या शब्दास तिसरा अर्थ चिकटला: वाटेत अक्षरे गळून वा उलटसुलट होऊन दुर्बोध झालेला संदेश. येथे दोषी कोणीच नाही. तार बिघडली, इतकेच. (आपल्याकडील तारसेवा २०१३ साली बंद झाली, अर्थ मात्र राहिला.) आज इंग्रजीत हाच अर्थ अधिक रूढ आहे, आणि आमची तक्रार येथेच आहे. आपल्या भाषणाचा वृत्तांत 'गार्बल' झाला असे एखादा पुढारी म्हणतो, तेव्हा वार्ताहराने लबाडीने वाक्ये गाळली असे त्यास म्हणावयाचे असते, की गडबडीत ऐकण्यात चूक झाली असे? शब्द दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून आरोपही होतो व जबाबदारीही टळते.

मराठीत ही संदिग्धता आपण होऊन आणण्याचे कारण नाही. बिघडलेल्या संदेशास 'अस्ताव्यस्त' म्हणावे. हेतुपुरस्सर वेचणीस मात्र 'चाळून विपर्यास करणे' असे म्हणावे, असे आम्ही सुचवितो. प्रयोग लांबट आहे खरा, पण त्यात चाळणीही दिसते आणि ती धरणारा हातही दिसतो.