शोकांतिका आणि शोकात्मिका : एका संज्ञेच्या निवडीविषयी

‘ट्रॅजेडी’ या शब्दासाठी मराठी समीक्षेने आजवर प्रामुख्याने तीन संज्ञा वापरल्या : शोकपर्यवसायी नाटक, शोकांतिका आणि शोकात्मिका. पैकी पहिली आता जुन्या ग्रंथांपुरती उरली आहे. उरलेल्या दोन्ही सर्रास एकमेकींच्या जागी योजल्या जातात. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत त्या एकाच वाक्यात सुखाने नांदताना दिसतात. आणि विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यासमोरच्या संदर्भग्रंथांतही फारसा निराळा प्रकार नसतो. या दोन संज्ञा पर्यायवाची नाहीत आणि त्यांतील निवड ही शैलीची नव्हे तर भूमिकेची बाब आहे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांची घडण पाहू. ‘शोकांतिका’ म्हणजे जिचा अंत शोकात होतो ती. (व्याकरणाच्या दृष्टीने काटेकोर राहायचे तर ‘शोकाचा अंत’ असाही विग्रह संभवतो आणि मग अर्थ नेमका उलटा होतो, पण रूढी व्याकरणाला विचारून चालत नसते.) ‘शोकात्मिका’ म्हणजे शोक हा जिचा स्वभाव, जिचे अंतस्तत्त्व आहे ती. पहिली संज्ञा कृतीच्या शेवटाकडे बोट दाखवते, दुसरी तिच्या संपूर्ण प्रकृतीकडे. दोहोंच्या अंती येणारा ‘इका’ हा प्रत्यय मराठीत नाटिका, पुस्तिका, एकांकिका अशा आटोपशीर वस्तूंना लागतो. ईडिपससारख्या नाटकाला तो शोभत नाही, परंतु त्याची आता सवय झाली आहे.

‘शोकांतिका’ ही संज्ञा चुकीची असून ‘शोकात्मिका’ ही तिची शास्त्रशुद्ध दुरुस्ती होय, असे अनेकदा सांगितले जाते. हे मला पुरते मान्य नाही. ‘शोकपर्यवसायी’ आणि ‘शोकांतिका’ या शब्दांत एका वाङ्मयीन अनुभवाची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचक-प्रेक्षक ज्या नाट्यपरंपरेत वाढला होता, तीत नायकाचा वध रंगमंचावर दाखवू नये असा दशरूपकासारख्या ग्रंथांचा दंडक होता आणि नाटक भरतवाक्याच्या मंगलकामनेत संपत असे. दुर्योधनाचा मृत्यू रंगभूमीवर दाखवणारे भासाचे ‘ऊरुभङ्ग’ त्या पिढीला उपलब्धच नव्हते. गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून भासाची मानलेली नाटके छापावयास आरंभ केला तो १९१२ मध्ये. अशा वाचकासमोर विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये आले आणि पुढे इंग्रजी शिक्षणातून शेक्सपीअर आला, तेव्हा त्याला प्रथम जाणवले ते शेवटाचे वेगळेपण. संज्ञा शेवटावरून पडली, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

शिवाय शेवटावरून ओळख पटवण्याची ही रीत केवळ आपली नाही. मध्ययुगीन युरोपात ट्रॅजेडी म्हणजे वैभवातून दैन्यात होणारे पतन एवढाच अर्थ उरला होता. चॉसरच्या मठवासी निवेदकाची व्याख्या तीच आहे. दान्तेच्या महाकाव्याला ‘कॉमेडी’ म्हणतात, त्याचेही एक स्पष्टीकरण ते नरकात सुरू होऊन स्वर्गात संपते, असे दिले जाते. तेव्हा ‘शोकांतिका’ या संज्ञेला पाश्चात्त्य वंशावळही आहे. फक्त ती ग्रीक नाही.

ग्रीक नाटकाशी गाठ पडते तेव्हा मात्र ही संज्ञा अपुरी पडू लागते. ॲरिस्टॉटलने सहाव्या प्रकरणात केलेल्या व्याख्येत शेवट कसा असावा याचा उल्लेख नाही. तीत गंभीर कृतीचे अनुकरण आहे, अनुकंपा आणि भय आहे, त्या भावनांचे विरेचन आहे. तेराव्या प्रकरणात तो दुःखद शेवटाच्या बाजूने बोलतो आणि लगेच चौदाव्यात, ओळख पटल्यामुळे ऐनवेळी हत्या टळते, त्या रचनेला सर्वश्रेष्ठ ठरवतो. या दोन विधानांचा मेळ कसा घालावा यावर भाष्यकार शतकानुशतके झगडत आहेत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, ज्याने ही संकल्पना सिद्ध केली त्याच्या लेखी शोकान्त असणे ही अनिवार्य अट नव्हती. इ. स. पू. ४५८ मधील एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी ओरेस्टिसच्या दोषमुक्तीने आणि सूडदेवतांच्या शांतवनाने संपते. सोफोक्लिसचा ‘फिलॉक्टेटिस’ अखेरीस रोगमुक्तीचे आश्वासन घेऊन ट्रॉयकडे निघतो. यांना शोकांतिका म्हणणे हा वदतोव्याघात होय.

हाच विवेक आपल्या परंपरेतील एका नाटकालाही लावून पाहता येतो. ‘उत्तररामचरिता’चा शेवट राम-सीतेच्या पुनर्मीलनात होतो. परंतु भवभूतीने त्या नाटकात करुणाला सर्व रसांचे मूळ मानले आहे. आणि तिसऱ्या अंकातील पंचवटीत राम आपल्याच निर्णयाच्या अवशेषांतून हिंडत असतो. त्याला शोकान्त म्हणता येत नाही, पण शोकात्म न म्हणणेही अशक्य आहे. उलट बाजूने नहूम टेटचा ‘किंग लिअर’ पाहावा. १६८१ मध्ये टेटने शेवट पालटून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले, तिचे एडगरशी लग्न ठरवले, आणि इंग्रजी रंगभूमी दीडशे वर्षे हेच रूपांतर करीत राहिली. आता त्या नाटकाला काय म्हणावे? वादळातला लिअर त्यातही आहे. शेवट हा एक सुटा भाग असून तो काढून दुसरा बसवता येतो, अशी धारणा असल्याखेरीज असे रूपांतर सुचणार नाही. ‘शोकांतिका’ या शब्दातही तीच धारणा दडलेली आहे.

तेव्हा ‘शोकात्मिका’ स्वीकारावी आणि वाद मिटवावा? इतके सोपे ते नाही, कारण खरी अडचण ‘अंता’त नसून ‘शोका’त आहे. मराठीत शोक हा घटनेनंतर येतो : शोकसभा, शोकसंदेश, शोकाकुल. रसशास्त्रातही शोक हा करुणाचा स्थायी भाव असून भरताने करुणाला निरपेक्ष, म्हणजे आशा सुटलेला, मानले आहे. भय हा निराळा स्थायी भाव असून त्याचा रस भयानक. ॲरिस्टॉटलने एका श्वासात उच्चारलेले भावयुग्म आपल्याकडे दोन रसांत विभागले गेले, आणि संज्ञा घडवताना आपण त्यातील करुणेचा अर्धा भाग घेतला. घटना घडण्यापूर्वीचे, ती घडताना वाढत जाणारे भय दोन्ही मराठी शब्दांतून निसटले. हिंदीने येथे एक चतुर गोष्ट केली. ‘त्रासदी’ हा शब्द मूळ इंग्रजी नादाला जवळ आहे आणि संस्कृतातील ‘त्रास’ म्हणजे भय, हा अर्थही त्यात शाबूत आहे. मराठीत तो आणता येत नाही. आपल्याकडे त्रास गुडघ्यांचा असतो किंवा शेजाऱ्यांचा.

नित्य व्यवहारातील मराठीने ‘शोकांतिके’ला आणखी भलतीकडे नेले आहे. ‘उद्घाटनाआधीच पूल खचला, ही आपली शोकांतिका आहे’ असे वाक्य आपण रोज वाचतो. येथे ना शोक आहे ना अंत. आहे तो विपर्यास आणि थोडी हताश लाज. इंग्रजीत मोठ्या मनुष्यहानीला ‘ट्रॅजेडी’ म्हणतात. त्या अर्थी मराठी ‘शोकांतिका’ क्वचित योजते, ‘दुर्घटना’ म्हणते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला जे घडले त्याला इंग्रजीत ‘गॅस ट्रॅजेडी’, हिंदीत ‘गॅस त्रासदी’ आणि मराठीत ‘वायुदुर्घटना’ हे नाव रूढ झाले. ‘दुर्घटना’ घडते, ती कोणी करीत नाही. ज्या कारखान्यातील सुरक्षायंत्रणा निकामी किंवा बंद होत्या तेथे विषारी वायू सुटला, याला घटना म्हणणे म्हणजे कर्त्याला वाक्यातून वगळणे होय. ‘हत्याकांड’ म्हणणाऱ्यांनी कर्ता परत आणला. ट्रॅजेडीची ग्रीक संकल्पना या दोहोंच्या मधली आहे : तीत कृती माणसाची असते, प्रमादही माणसाचाच, तरी तो केवळ दुष्टावा नसतो. या मधल्या जागेसाठी मराठीत शब्द नाही.

म्हणूनच माझ्या मते दोन्ही संज्ञा ठेवाव्यात, पण वाटणी करून. शेवटाविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘शोकान्त’ हे विशेषण पुरेसे आहे. प्रकृतीविषयी बोलायचे असेल तर ‘शोकात्मिका’ म्हणावे आणि त्या शब्दात भय ऐकू येत नाही हे ध्यानात ठेवून विवेचनात ते भरून काढावे. ‘एकच प्याला’ शोकान्त आहे याबद्दल दुमत नाही. सिंधू आणि सुधाकर दोघेही मरतात. ते शोकात्मिका आहे काय, हा प्रश्न मात्र सनद स्थगित झाल्याच्या अपमानात सुधाकर पहिला प्याला उचलतो त्या क्षणापाशी जाऊन विचारावा लागतो. तो क्षण चारित्र्यातून उगवला की तळीरामाच्या सोयीतून? गडकऱ्यांच्या टीकाकारांनी सिंधूच्या अश्रूंचा हिशेब जितका मांडला तितका या क्षणाचा मांडलेला नाही. ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकाबाबतही हेच. शिरवाडकरांनी लिअरचा सांगाडा घेतला, पण कॉर्डेलिया घेतली नाही. परिणामी बेलवलकरांनी सर्वस्व वाटून टाकले यात प्रमाद असला तरी त्यांच्या हातून कोणावर अन्याय झालेला नाही. लिअर मात्र निरपराध मुलीला घालवून देतो. बेलवलकरांचा मृत्यू प्रेक्षकाला रडवतो खरा. परंतु लिअरच्या पहिल्या प्रवेशात जे भय वाटते ते येथे पहिल्या अंकात का वाटत नाही, याचा शोध ‘शोकांतिका’ म्हणून नाटक मिटवणाऱ्या समीक्षकाला घ्यावासाच वाटणार नाही.