कुणाच्या उकिरड्यातली हाडं?

जॉन ऑटो या अमेरिकन पुरातत्त्ववाल्याचं कॅनन्स पॉइंट मळ्यावरचं १९८४ चं पुस्तक वाचून झालं. शेणव्यात बसून जॉर्जियाच्या उकिरड्यावर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

ऑटोचे गुरू चार्ल्स फेअरबँक्स. त्यांनी १९६८ साली फ्लोरिडातल्या किंग्जली मळ्यावर गुलामांच्या खोपटी उकरल्या. तोवर उकरायचे ते मालकांचे वाडेच. चेल्यानं पुढं जाऊन सेंट सायमन्स बेटावरच्या कूपर घराण्याच्या कापूसमळ्यात तीन जागा उकरल्या : मालकाच्या स्वयंपाकघराची, मुकादमाच्या घराची आणि गुलामांच्या खोपटीची. मग हाडं नि खापरं मोजली.

मालकाकडं नक्षीच्या ताटल्या जास्त, गुलामांकडं वाडगे जास्त. ताटलीत भाजल्या मांसाचे काप पडतात, वाडग्यात कालवण. हाडं फोडायची, मडक्यात शिजत ठेवायची नि रस्सा ओरपायचा. दिवसभर दुसऱ्याचं रान खुरपून आल्यावर चुलीपुढं बसायला वेळ कुणाला होता? मळ्याचा शिधा मक्याचा. बाकी पोट खाडीतल्या मासळीवर नि रानातल्या बारक्या जनावरांवर.

हे मला परकं वाटलं नाही. आमच्याकडं भात कापून झालं की कातकरी बांधाची बिळं उकरून उंदीर काढतात, पावसात चिंबोऱ्या धरतात. वीटभट्टीवर गेले तर हातात आठवड्याची खर्ची. खर्चीत जे बसत नाही ते रानातून आणायचं. याला शहरातले लोक आदिवासींची खाद्यसंस्कृती म्हणतात नि फोटो काढतात.

ऑटोशी माझं भांडण एका जागी आहे. गोऱ्या मुकादमाचं खाणं बऱ्याच बाबतींत गुलामाच्या जवळ जातं, असं तो दाखवतो. आपल्यातले वर्गवाले इथं लगेच टाळ्या पिटतील. पण मुकादम नोकरी सोडून जाऊ शकत होता. गुलामाची नोंद मालमत्तेच्या यादीत, गुराढोरांच्या सोबत व्हायची. दोघांच्या वाडग्यात एकच कालवण असेलही, हा फरक हाडात उमटत नाही. नुसती हाडं मोजून माणसाची पायरी ठरवणारा इथं फसतो.

आता आपल्याकडं या. शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उकरलं. ढवळीकर, सांकलिया, अन्सारी यांचा अहवाल १९८८ चा. हाडं पी. के. थॉमस यांनी तपासली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत गाईबैलांची हाडं भरपूर, त्यांवर कापल्याच्या खुणा, काही भाजलेली. २०१५ च्या गोवंशबंदीवर बोलणाऱ्यांनी हा अहवाल एकदा चाळावा. काम चोख आहे, ते मान्यच करतो.

पण इनामगाव अस्पृश्यतेच्या फार आधीचं. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचा काळ इसवी सन ४०० च्या आसपास धरला. गावातले ताज्या गाईचं मांस खात, गावाबाहेरचे मोडके लोक मेलेल्या गाईचं, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या हातात पोथ्या होत्या, कुदळ नव्हती. कुदळवाल्यांनी पुढं काय केलं? जनावराचं वय दाताच्या झिजेवरून कळतं. मारून खाल्लेली जनावरं बहुधा ऐन वयातली, मेलेली ओढून आणलेली बहुधा म्हातारी. म्हणजे त्या काळानंतरच्या एखाद्या गावाचा नि त्याच्या महारवाड्याचा उकिरडा शेजारीशेजारी उकरला, तर प्रश्न तपासता येतो. मी वाचलेल्या अहवालांत वाडे आहेत, देवळं आहेत, किल्ले आहेत. महारवाडा नाही.

आणखी एक, आपल्याच पोरांसाठी. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ ला आलं, चांगलं झालं, लाजेची गाठ सुटली. पण हल्ली चान्यांचं नुसतं कौतुक करणारे भेटतात. महाडला १९२७ साली मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं गेलं, ते जिभेबद्दल नव्हतं. कुणी टाकलेलं आपण उचलायचं की नाही, याबद्दल होतं.

आत्याला मी विचारलं, चान्या कशा करायच्या. तिनं सगळं सांगितलं : पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ चोळायचं, दोरीवर उन्हात वाळवायच्या, कावळे हाकायला पोरगं बसवायचं. मग म्हणाली, ''चव विचारू नको बाबा. भूक होती, चव कुनी बघितली?''